नदीची वही: जवळच्या नदीवर वर्षभर नजर कशी ठेवावी

"सकाळी ७.१०. आभाळ स्वच्छ. गेले तीन दिवस पाऊस नाही. पाणी पट्टीवर ३४ सेंमी. रंग फिकट हिरवट, तळ दिसतो. नदीला वास नाही. नाला क्र. ४ वाहतोय, पाणी कोमट, साबणाचा वास."

नदीवर लक्ष ठेवणाऱ्या माणसाची वही अशी असते. वाचायला रुक्ष. पण शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. पावसाचं पाणी वाहून न्यायला बांधलेला नाला तीन दिवस कोरडे गेल्यावरही वाहतोय, आणि तोही कोमट. म्हणजे वर कुणीतरी सांडपाण्याचा पाइप त्यात जोडलाय. नदीवर एकदाच आलेल्या माणसाला यात काही वावगं दिसणार नाही. नाला आहे, वाहणारच, असं म्हणून तो पुढे जाईल.

नदीसाठी स्वयंसेवा म्हटलं की सफाई मोहीम आठवते. टोप्या, पोती, शेवटी सगळ्यांचा एक फोटो. त्यात वाईट काही नाही, मीही अशा मोहिमांना जातो. पण वर्षातून एकदा येणाऱ्या शंभर जणांपेक्षा दर पंधरवड्याला त्याच जागी, त्याच वेळी येणारी दोन माणसं नदीच्या जास्त कामाची, असं माझं ठाम मत झालंय. पुढचं सगळं त्या दोघांसाठी.

पहिला महिना: नुसतं चाला

उपकरणं घ्यायची घाई करू नका. आधी नदीचा एक किंवा दोन किलोमीटरचा तुकडा निवडा आणि तो दोन्ही काठांनी पायी पालथा घाला. पुलावरून दिसते ती नदी आणि काठाने चालताना दिसते ती नदी, यांत फार फरक असतो. सोबत छापील नकाशा ठेवा आणि त्यावर खुणा करत जा: कुठे ओढा मिळतो, कुठे पाइप उघडतो, कुठे काठ ढासळलाय, कुठे गुरं पाण्यात उतरतात, कुठे डोह आहे आणि कुठे पाणी दगडांवरून खळाळतं. प्रत्येक नाल्याला आणि पाइपला क्रमांक द्या आणि तो कधीही बदलू नका. मध्येच नवा पाइप सापडला तर त्याला ४अ म्हणा, पण जुने क्रमांक हलवू नका. पुढे हजार नोंदी झाल्यावर याचं मोल कळतं.

ही फेरी दोनदा करा. एकदा जोराचा पाऊस झाल्यावर दुसऱ्या दिवशी, आणि एकदा निदान ४८ तास कोरडे गेल्यावर. पावसानंतरच्या फेरीत शेतातली माती, रस्त्यावरचं तेल, कचऱ्याचे ढीग कुठून नदीत येतात ते दिसतं. कोरड्या फेरीत जे काही वाहत असेल, त्यावर संशय घ्यायचा. काही ठिकाणी तो जमिनीतला झरा निघेल, काही ठिकाणी फुटलेली जलवाहिनी. पण बऱ्याचदा ते मैलापाणी असतं.

चालताना भेटणाऱ्या जुन्या माणसांशी बोला. विशेषतः मासे धरणाऱ्यांशी. कुठला मासा कधीपासून मिळेनासा झाला, हे प्रयोगशाळेच्या कुठल्याही अहवालात नसतं. सांगितलेलं सगळं खरं असेलच असं नाही, पण कुठे बघायचं ते कळतं.

मोजणीच्या जागा

तीन जागा पुरतात. एक संशयित नाल्याच्या वर, एक खाली, आणि एक आणखी बरीच खाली, नदी सावरते का हे बघायला. वरची जागा टाळायचा मोह होतो, कारण तिथे "काही होत नाही". पण तुलना तिच्याशीच करायची असते. ती नसेल तर खालच्या आकड्यांना अर्थ नाही.

नाल्याचं पाणी नदीत पडल्याबरोबर मिसळत नाही. बरंच अंतर ते एकाच काठाला चिकटून वाहतं. त्यामुळे नाल्याच्या अगदी खाली नमुना घेतलात तर तो नाल्याचाच निघतो, आणि समोरच्या काठावरून घेतलात तर नाला नव्हताच असं वाटतं. रंगातला किंवा फेसातला फरक जिथे दिसेनासा होतो, त्याच्या थोडं पुढे जागा ठरवा.

जागेपर्यंत वर्षभर सुरक्षित पोचता आलं पाहिजे. जमीन खासगी असेल तर मालकाची परवानगी आधीच घ्या, आणि नदी संरक्षित क्षेत्रातून जात असेल तर जीव गोळा करण्यापूर्वी संबंधित खात्याची.

पाण्यात पाय घालण्याआधी

एकट्याने जायचं नाही. कितीही ओळखीची जागा असो. कुठे चाललोय आणि कधी परतणार हे घरी सांगून निघायचं.

गुडघ्यापेक्षा खोल पाण्यात उतरू नका. वेगाचं पाणी गुडघ्याच्या बरंच खालीसुद्धा माणसाला पाडतं. हातात काठी घ्या, तोंड प्रवाहाकडे करा, आणि एक पाय रोवल्याशिवाय दुसरा उचलू नका. वरच्या भागात धरण असेल तर पाणी सोडण्याच्या वेळा माहीत करून घ्या. आभाळ निरभ्र असतानाही पाणी चढू शकतं. पाणी अचानक गढूळ झालं किंवा काड्या-पाला वाहून यायला लागला, तर मोजमाप तिथेच सोडून वर या.

पायात गमबूट किंवा जाड तळाचे बंद बूट हवेत, कारण गाळात काचा असतात. हाताला जखम असेल तर पाण्यात हात घालू नका. उंदरांच्या मूत्रातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस अशाच जखमांतून शरीरात शिरतो. काम झाल्यावर साबणाने हात धुवा, मगच खाणंपिणं. आणि नदीवरून आल्यावर काही दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना आपण नदीत उतरलो होतो हे आवर्जून सांगा. ते न सांगितल्यामुळे निदानाला उशीर होतो.

गटाराच्या किंवा बंद नाल्याच्या तोंडात डोकावायचं नाही, आत तर अजिबात जायचं नाही. तिथल्या विषारी वायूंनी क्षणात शुद्ध हरपते.

वहीत काय लिहायचं

तारीख, वेळ, जागेचा क्रमांक, कोण होतं. मागच्या दोन दिवसांतला पाऊस. पाण्याची पातळी, त्यासाठी पुलाच्या खांबावर आधीच असलेली पट्टी किंवा एखादा न हलणारा खडक धरा. मग रंग, वास, फेस, तवंग, शेवाळ, कचरा, दिसलेले पक्षी-मासे. दरवेळी एकाच ठिकाणी उभं राहून एकाच दिशेने एक फोटो. कुठे उभं राहायचं ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

"काही विशेष नाही" असं वाटलं तरी ते लिहा. फेस नाही, मेलेले मासे नाहीत, नाला कोरडा. नोंदच नसेल तर पुढे कुणी विचारल्यावर त्या दिवशी फेस नव्हता की कुणी गेलंच नव्हतं, हे सांगता येत नाही.

आणि दिसलं ते लिहा, वाटलं ते नको. "कारखान्याचं रसायन सोडलंय" ही नोंद नाही, तो आरोप आहे. "नाला क्र. २ मधून निळसर पाणी, रॉकेलसारखा वास, सुमारे २० मीटरपर्यंत पट्टा" ही नोंद.

दोन गोष्टी नव्या लोकांना हमखास फसवतात. पहिली म्हणजे पाण्यावरचा इंद्रधनुषी तवंग. तो तेलाचाच असेल असं नाही. लोहयुक्त पाण्यात वाढणारे जिवाणूही तसाच तवंग तयार करतात, आणि आसपास गंजाच्या रंगाचा गाळही दिसतो. काडी घेऊन तवंग मोडा. पातळ काचेसारखे तुकडे झाले आणि तसेच तरंगत राहिले तर तो जिवाणूंचा. फिरून एकत्र आला तर तेल. दुसरी गोष्ट फेस. कुजलेल्या पाल्यातून सुटणाऱ्या द्रव्यांमुळे धबधब्याखाली पिवळसर-तपकिरी फेस येतो, त्याला मातीसारखा वास असतो आणि तो नैसर्गिक आहे. पांढराशुभ्र, सुगंधी आणि नाल्याच्या तोंडाशीच दिसणारा फेस मात्र साबणाचा.

दगडांवर राखाडी, कापसासारखी लोंबणारी बुळबुळीत वाढ दिसली तर वेळ न घालवता वर शोध घ्या. तिला मैलाबुरशी म्हणतात, पण तो मुख्यतः जिवाणूंचा थर असतो आणि सेंद्रिय घाण सतत येत असेल तिथेच तो वाढतो. नाला तुम्ही गेलात त्या दिवशी बंद असेल, पण ही वाढ आधीच्या दिवसांची चुगली करते.

पाण्याची मोजमापं

संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांत पाण्याच्या गुणवत्तेसाठी ६.३.२ हा निर्देशक आहे. नद्यांसाठी त्यात पाच गोष्टींचा मूलभूत संच धरलाय: विरघळलेला ऑक्सिजन, विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण (यासाठी बहुधा विद्युतवाहकता, म्हणजे पाण्यातून वीज किती सहज जाते ते मोजतात), नायट्रोजन, फॉस्फरस आणि पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे याचा आकडा). स्वयंसेवकांनाही हीच यादी पुरे. जोडीला तापमान आणि गढूळपणा घ्या.

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित साधन म्हणजे थर्मामीटर. थंड पाण्यात ऑक्सिजन जास्त विरघळतो. समुद्रसपाटीला ० अंश सेल्सिअसला लिटरमध्ये सुमारे १४.६ मिलिग्रॅम, २० अंशांना ९.१, आणि ३० अंशांना ७.५ च्या आसपास. काठावरची झाडं तोडली की पाणी तापतं आणि कुणी काही न सोडताही नदीचा श्वास कोंडतो. ऑक्सिजन ५ मिलिग्रॅमच्या खाली गेला की बऱ्याच माशांना त्रास सुरू होतो, २ च्या खाली फार थोडे तग धरतात.

इथे माझी एक चूक सांगतो. सुरुवातीचे काही महिने मी सोयीची वेळ म्हणून दुपारी तीनला मोजत होतो. आकडे ९, १०, एकदा तर ११. मी खूश. मग एकदा काही कारणाने पहाटे गेलो आणि त्याच जागी मीटरने ३ दाखवले. आधी वाटलं, मीटर बिघडला. बिघडलं काहीच नव्हतं. पाण्यात शेवाळ माजलं होतं. दिवसा ते प्रकाशात ऑक्सिजन तयार करतं, रात्रभर तोच वापरतं, म्हणून उजाडण्याच्या सुमाराला पातळी तळाला जाते. दुपारी पाण्यात मावायला हवा त्याहून जास्त ऑक्सिजन सापडणं हेच खरं तर आजाराचं लक्षण होतं आणि मी ते आरोग्य समजत होतो. म्हणून वेळ पाळा. आणि अधूनमधून एक पहाट आणि एक दुपार अशी जोडीने मोजणी करा.

ऑक्सिजनचा मीटर परवडत नसेल तर विंकलर पद्धतीचा, बाटली आणि रसायनांचा संच वापरा. लायोश विंकलर या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञाने १८८८ साली दिलेली ही पद्धत आजही मीटर तपासायला वापरतात. फक्त बाटली पाण्याखालीच भरून पाण्याखालीच बूच लावायचं. आत एक बुडबुडा राहिला तरी उत्तर चुकतं.

पीएच बहुतेक नद्यांत ६.५ ते ८.५ च्या दरम्यान सापडतो. एक आकडा इकडे-तिकडे झाला की आम्लता दहापट बदलते, हे लक्षात ठेवा. अमोनियाच्या बाबतीत याला फार महत्त्व आहे. २५ अंशांना पीएच ७ असताना एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का माशांना घातक रूपात असतो, पीएच ८ ला तोच पाच टक्क्यांच्या आसपास जातो. त्यामुळे अमोनिया मोजलात तर त्याच मिनिटाला पीएच आणि तापमानही लिहा, नाहीतर तो आकडा लंगडा.

विद्युतवाहकतेचा छोटा मीटर मला सर्वांत आवडतो. पाण्यात नक्की काय मिसळलंय हे तो सांगत नाही, पण काहीतरी मिसळलंय हे पटकन सांगतो. काठाने चालत दर पन्नास मीटरला तो बुडवत जा. आकडा अचानक उडी मारतो, त्या दोन टप्प्यांच्या मध्ये काहीतरी येऊन मिळतंय.

गढूळपणासाठी तळाशी काळी-पांढरी चकती असलेली पारदर्शक नळी घ्या. पाणी भरा, चकती दिसेनाशी झाली की उंची वाचा. गॉगल काढून, सावलीत. मूळ कल्पना आन्जेलो सेक्की या इटालियन खगोलशास्त्रज्ञाची. त्यांनी १८६५ साली जहाजावरून समुद्रात चकती सोडून पाण्याची पारदर्शकता मोजली होती. वाहत्या, उथळ नदीत दोरीला बांधलेली चकती तिरकी जाते, म्हणून नळी बरी.

नायट्रेट-फॉस्फेटच्या रंगपट्ट्या ढोबळ असतात. पाकिटावर लिहिलेली सेकंदं घड्याळ लावून पाळा, आणि मुदत संपलेली पट्टी वापरू नका.

नमुना घेताना बाटली नदीच्याच पाण्याने तीनदा विसळा, विसळलेलं पाणी आपल्या खालच्या बाजूला ओता आणि नमुना प्रवाहाच्या वरच्या बाजूने घ्या, म्हणजे तुमच्या पायाने उडालेला गाळ त्यात येणार नाही. जिवाणूंच्या तपासणीची निर्जंतुक बाटली मात्र विसळायची नसते. ती बर्फात ठेवून काही तासांतच प्रयोगशाळेत पोचवावी लागते. पीएच आणि वाहकतेचे मीटर दर फेरीआधी, ज्याचा आकडा आधीच माहीत असतो अशा ठरलेल्या द्रावणात तपासा आणि तपासल्याचं वहीत लिहा.

दगडाखालचे साक्षीदार

रासायनिक मोजमाप त्या क्षणाचं असतं. रात्री दोनला कुणी टाकी रिकामी केली आणि तुम्ही सकाळी सातला गेलात, तर पाणी पुढे निघून गेलेलं असतं. दगडाखालचे किडे मात्र तिथेच असतात. ते महिनोन् महिने तिथे राहतात आणि जे सोसवत नाही त्याने मरतात.

खळाळत्या, गुडघ्याखालच्या पाण्यात उतरा. साधारण १ मिलिमीटर किंवा त्याहून बारीक छिद्रांची हातजाळी तळाला टेकवून प्रवाहाच्या खालच्या बाजूला धरा आणि जाळीच्या वरच्या अंगाला पायाने तळ ढवळा. तीन मिनिटं, वेगवेगळ्या जागी मिळून. मग पांढऱ्या ट्रेमध्ये दोन बोटं नदीचं पाणी घेऊन त्यात जाळी उलटी करा.

पहिल्यांदा नुसता पाचोळा दिसतो. हात लावू नका, मिनिटभर थांबा. मग पाचोळ्यातली एक काडी चालायला लागते. ती कॅडिसफ्लायची अळी, स्वतःच्या रेशमाने वाळू नि काड्या चिकटवून तिने घर बांधलेलं असतं आणि ते ओढत ती फिरते. शेपटाला तीन धागे आणि पोटाच्या कडेने थरथरणारे पिसासारखे कल्ले दिसले तर बहुधा मेफ्लाय. दोनच धागे, पोटाच्या कडेला कल्ले नाहीत आणि पायांच्या टोकाला दोन-दोन नख्या, तर स्टोनफ्लाय. या तिघांतल्या बहुतेक जातींना भरपूर ऑक्सिजन लागतो. ट्रेमध्ये त्यांचे बरेच प्रकार असतील तर पाणी सहसा ठीक असतं.

उलट टोकाला लालभडक, वळवळणाऱ्या अळ्या असतात. त्यांचा लाल रंग हिमोग्लोबिनचा, त्याच्या जोरावर त्या कोंडलेल्या पाण्यातही जगतात. शेपटीसारखी लांब नळी पृष्ठभागावर काढून हवेतून श्वास घेणारी अळी सापडली, तर पाण्यात ऑक्सिजन उरलेला नाही असं समजायला हरकत नाही. गोगलगायीचं टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरा. तोंड डावीकडे असेल तर ती बहुधा हवेतून श्वास घेणाऱ्या गटातली. अशाच गोगलगायी भरमसाट आणि बाकी कुणी नाही, हे चांगलं चिन्ह नव्हे.

एकेक जात ओळखायची गरज नाही. दक्षिण आफ्रिकेतली मिनीसॅस ही पद्धत शाळकरी मुलंही वापरतात. त्यात जिवांचे १३ गट ओळखायचे, प्रत्येक गटाला ठरलेले गुण, त्यांची सरासरी म्हणजे नदीची प्रकृती. तुमच्या प्रदेशासाठी अशी गुणपद्धत असेल तर तीच घ्या, स्वतःची बनवू नका. काम झालं की जीव जिथून घेतले तिथेच सोडा, आणि उलटवलेले दगड पुन्हा होते तसे ठेवा. दुसऱ्या नदीवर जायचं असेल तर जाळी नि बूट धुऊन पूर्ण वाळवा. परके जीव आणि रोग ओल्या सामानातूनच प्रवास करतात.

प्रवाह मोजणं

दहा मीटरचा सरळ टप्पा आखा, वरून संत्रं सोडा, किती सेकंदांत खाली पोचतं ते तीनदा मोजा. संत्रं का, तर ते बहुतांशी बुडून तरंगतं, त्यामुळे वारा त्याला ढकलत नाही, आणि हरवलं तरी नदीत प्लॅस्टिक जात नाही. समजा २५ सेकंद लागले, म्हणजे सेकंदाला ०.४ मीटर. पात्र ६ मीटर रुंद, सरासरी खोली ०.४ मीटर. सगळ्यांचा गुणाकार ०.९६, आणि पृष्ठभागावरचं पाणी तळापेक्षा वेगाने धावतं म्हणून त्याला ०.८५ ने गुणायचं. उत्तर सुमारे ०.८२ घनमीटर, म्हणजे सेकंदाला ८२० लिटर. प्रवाह निम्मा झाला की तोच नाला नदीत दुप्पट दाट होतो, त्यामुळे हा आकडा नसेल तर बाकीच्या आकड्यांची तुलना फसवी ठरते.

सफाई करणारच असाल तर

उचललेला कचरा मोजा: बाटल्या किती, पिशव्या किती, कुठल्या वळणावर. पात्रात पडलेलं झाड आणि काठचा पाला म्हणजे घाण नव्हे, माशांना तिथेच आसरा असतो, ते राहू द्या. पिंपं, सिरिंज, अनोळखी पावडर यांना हात न लावता कळवा.

मासे मेलेले दिसले तर

त्या दिवशी घाई आणि शिस्त दोन्ही लागतात. पाण्याला हात लावू नका. वेळ लिहा, फोटो काढा, आसपासच्या ओळखीच्या खुणा फोटोत येतील असे. प्रदूषण नियंत्रणाच्या यंत्रणेला लगेच फोन करा आणि तक्रारीचा क्रमांक मागून घ्या. फोन नंबर वहीच्या मलपृष्ठावर आधीच लिहिलेले असावेत. मग काठानेच वरच्या दिशेने चालत जिवंत मासे कुठून दिसायला लागतात ते शोधा. ऑक्सिजन आणि वाहकता जमेल तिथे मोजा. कुणाच्या आवारात शिरू नका, कुणाशी वाद घालू नका, आणि समाजमाध्यमांवर नाव घेऊन आरोप करू नका. संध्याकाळी सगळं लिहून ईमेलने पाठवा, आणि आठवड्याने त्याच क्रमांकाचा हवाला देऊन उत्तर मागा. उत्तर आलं नाही तर पुन्हा. या पाठपुराव्यात बहुतेक गट गळतात.

आपल्याला लागू असलेले कायदे निवांत वाचून काढा, जुने असले तरी. अमेरिकेत हडसन नदीवरच्या मच्छीमारांनी १९६६ साली संघटना काढली, तेव्हा त्यांच्या कामी आला तो १८९९ सालचा एक विस्मरणात गेलेला कायदा. नदीत घाण सोडणाऱ्याला दंड, आणि दंडातली अर्धी रक्कम माहिती देणाऱ्याला, अशी तरतूद त्यात होती. पुढे १९८३ पासून या नदीवर बोटीने गस्त घालणारा पूर्णवेळ राखणदार नेमला गेला. पण सुरुवात कुठल्या पाइपातून कधी काय येतं हे सांगू शकणाऱ्या माणसांपासूनच झाली.

वही दुसऱ्याच्या हाती देताना

दोघांपैकी एक कधीतरी गाव सोडतो, आजारी पडतो, कंटाळतो. तिसऱ्याला आधीच तयार करा. पहिल्या दोन फेऱ्यांत तो बघेल, तुम्ही मोजाल. पुढच्या दोन फेऱ्यांत तो मोजेल आणि तुम्ही गप्प राहाल, हे जास्त अवघड. नंतर दोघांनी एकाच जागी वेगवेगळं मोजून आकडे ताडून बघा. फरक मोठा असेल तर कुणाचं चुकलं यावर न भांडता मीटर द्रावणात घाला आणि पुन्हा मोजा. वहीच्या प्रत्येक पानाचा फोटो त्याच दिवशी निदान दोन ठिकाणी साठवा, कारण वह्या नदीत पडतात. आणि लिहायला पेन्सिल घ्या, ओल्या कागदावर शाई पसरते.